पांढऱ्या कपड्यांची भीती

गडचिरोलीतल्या गोंड आदिवासींना दवाखान्याची भीती का वाटते, हे डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी त्यांनाच विचारलं. मिळालेली उत्तरं वैद्यकाच्या कुठल्याही पुस्तकात नव्हती. इमारत एवढी मोठी की माणूस आत हरवेल. रोग्यासोबत आलेल्या माणसांना राहायला जागा नाही. देव तर कुठेच दिसत नाही. आणि डॉक्टर-नर्स पांढऱ्या कपड्यांत वावरतात. मेलेल्या माणसाला पांढऱ्या कापडात गुंडाळतात, मग तसेच कपडे घातलेली माणसं जीव कसा वाचवणार?

जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात शिकून आलेल्या डॉक्टरांना हे सारं हसण्यावारी नेता आलं असतं. एखादी जनजागृती मोहीम काढून लोकांचं अज्ञान दूर करायचं, हा तर सरधोपट मार्ग. पण बंग दांपत्याच्या शोधग्राम या केंद्राचा दवाखाना गोंडांच्या वस्तीसारखा उभा राहिला. झोपड्यांसारखी सुटी घरं, नातेवाइकांना राहायची मुभा आणि नाव त्यांच्या देवीचं, माँ दंतेश्वरीचं.

नेत्यानं लोकांचं ऐकावं, यावर कुणाचंच दुमत नसतं. साहेब बैठकीत सूचना मागवतात, कुणीतरी त्या टिपून घेतं, चहा होतो आणि आधीच ठरलेला निर्णय जाहीर होतो. अशा ऐकण्याला काही खर्च येत नाही. समोरच्याच्या बोलण्यानं आपला आराखडा, आपला शहाणपणाचा मान आणि कधी कधी पुरा केलेला अभ्यासही बाजूला ठेवावा लागतो, तेव्हा मात्र ऐकणं महाग पडतं. गडचिरोलीत सिकलसेलचा आजार किती पसरला आहे, हे बंग यांनी संशोधन करून दाखवलं. शास्त्राच्या दृष्टीनं शोध मोलाचा होता. पण लोकांच्या तक्रारींच्या यादीत तो आजार नव्हताच. संशोधकाला महत्त्वाचं वाटतं ते गावाला वाटेलच असं नाही, हा धडा तिथं मिळाला.

मग लोक सांगतील तेवढंच करायचं का? तसंही नाही. सगळी दुखणी बोलली जात नाहीत, आणि बायकांची तर नाहीतच. राणी बंग यांनी गावातल्या बायकांशी बोलायला सुरुवात केली, तेव्हा वर्षानुवर्षं मुकाट्यानं सोसलेले आजार हळूहळू बाहेर आले. दोन गावांतल्या ६५० स्त्रियांच्या तपासणीचा त्यांचा अहवाल १९८९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. त्यांतल्या ९२ टक्के स्त्रियांना एक ना एक स्त्रीरोग होता, आणि बहुतेकींची त्याआधी तशी तपासणी कधी झालीच नव्हती. गर्भारपण आणि कुटुंबनियोजन यांपलीकडे न पाहणाऱ्या आरोग्ययंत्रणेच्या नजरेतून हा आकडा निसटला होता. राणी बंग यांच्या पुस्तकाचं नाव 'कानोसा' आहे. कानोसा घ्यायचा म्हणजे दाराशी थांबावं लागतं, आणि थांबायला वेळ लागतो.

पुढे नवजात बाळांचे मृत्यू रोखण्याचं काम बंग दांपत्यानं गावातल्याच बायकांच्या हाती सोपवलं. आरोग्यदूत म्हणून तयार झालेल्या या बायका घरोघरी जाऊन बाळांना तपासू लागल्या. ३९ गावांतल्या या प्रयोगात नवजात मृत्यूंचं प्रमाण ६२ टक्क्यांनी घटलं. कमी शिकलेल्या बाईला हे जमेल, यावर आधी कुणीतरी विश्वास टाकायला हवा होता.

गडचिरोली जिल्ह्यातलंच, धानोरा तालुक्यातलं मेंढा (लेखा) हे छोटंसं गाव तर सगळे निर्णय सर्वसहमतीनं घेतं. ग्रामसभेत एकाचाही विरोध असला की चर्चा पुढे चालू राहते. देवाजी तोफा हे या गावाचं बाहेर ओळखलं जाणारं नाव, पण ठरवायचं ते सभेनं. ही रीत वेळखाऊ आहे. हात वर करून, डोकी मोजून घेतलेला निर्णय पाच मिनिटांत होतो. मेंढ्यात एका माणसाची शंका मिटायला अनेक बैठका लागू शकतात. तरी २००९ मध्ये सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळवणाऱ्या देशातल्या पहिल्या गावांत मेंढ्याचं नाव लागलं. २०१३ मध्ये तर गावानं ग्रामदान कायद्याखाली आपली शेतजमीन ग्रामसभेच्या नावे करायचं ठरवलं. बांधावरून भाऊ भावाशी कोर्टात भांडतो अशा मुलखात, शेवटच्या माणसाचं ऐकून घेतल्याशिवाय असा ठराव कुणाला पुढे रेटता आला असता?