आधी ब्रेक, मग स्पीड!

फॉर्म्युला कार चालवायला शिकायचं म्हणजे युरोपचा व्हिसा हवा, असं तुम्हालाही वाटतं ना? खरं तर कोइम्बतूरचं तिकीट पुरतं!

शहराबाहेर चेट्टिपाळयमला २.१ किलोमीटरचा करी मोटर स्पीडवे आहे, २००३मध्ये सुरू झालेला. नाव वाचून जेवण आठवलं असेल तर थांबा. हे नाव एस. करिवर्धन यांच्यावरून आलंय. मारुती ८००चं इंजिन बसवून त्यांनी ‘फॉर्म्युला मारुती’ ही सिंगल सीटर बनवली आणि रेसिंग थोडं आवाक्यात आणलं. १९९५मध्ये विमान अपघातात ते गेले. भारताचा पहिला एफ-वन ड्रायव्हर नारायण कार्तिकेयन याच गावचा. कोल्हापुरात जशा तालमी, तशी इथे गॅरेजं!

मी दोन दिवसांचा कोर्स केला. पहिला अर्धा दिवस फळा, खडू आणि ट्रॅकवर पायपीट. मग गाडी. १३०० सीसीचं मारुती इंजिन पाठीमागे. पॉवर स्टिअरिंग नाही, एबीएस नाही, डोक्यावर छप्परही नाही. यात बसायचं नसतं, पाय लांब करून जवळजवळ आडवं व्हायचं असतं. मेकॅनिक अण्णांनी पट्टे आवळले आणि माझा श्वास अर्धा आतच राहिला. समोर उघडी चाकं वळताना दिसतात, ते भन्नाटच! पण दोन गाड्यांची चाकं एकमेकांना भिडली, तर मागची हवेत उडू शकते. म्हणून शिकाऊ मंडळींना ओव्हरटेकिंग बंद.

खरी परीक्षा ब्रेकची. सिग्नलला आपण ब्रेक हलकेच टेकवतो आणि जवळ येता येता जोर वाढवतो. इथे बरोब्बर उलटं. सगळा जोर आधी, गाडी सरळ असताना; मग वळणात शिरता शिरता पाय हळूहळू उचलायचा. ब्रेक लागला की वजन पुढच्या चाकांवर येतं, ती रस्ता घट्ट धरतात आणि गाडी वळते. पाय झटकन काढलात तर ती पकड गेली. ऐन वळणात जोरात दाबलात तर गाडीची शेपटीच पुढे यायला बघते.

दुपारी इन्स्ट्रक्टरनी जाहीर केलं, “ज्यांना ब्रेकिंग जमेल, त्यांनाच उद्या फुल लॅप.” माझ्या पोटात गोळा! तीन महिन्यांचं मानधन बाजूला टाकून आले होते (फ्रीलान्सर आहे हो मी). आमच्यातला सर्वांत वेगवान, बंगलोरचा एक सॉफ्टवेअरवाला, दुसऱ्या दिवशीही कोनांमध्येच राहिला. गाडी सुसाट नेण्यात त्याचा हात कोणी धरला नसता, थांबवताना मात्र चाकं लॉक.

मला सहा लॅप मिळाले. पहिला जपूनच, कारण थंड टायर रस्ता धरत नाहीत. चौथ्या लॅपला पाय आपोआप सैल झाला आणि गाडी वळणाच्या आतल्या कडेला अलगद चाटून गेली. हेल्मेटमध्ये मी चक्क ओरडले!

जाणार असाल तर पातळ सोलचे बूट न्या, जाड स्पोर्ट्स शूजमध्ये पेडल कळतच नाही. कुर्ल्याहून सुटणारी कोइम्बतूर एक्स्प्रेस पुण्यावरून जाते. परतीला लोअर बर्थ मागा. मान आणि खांदे वर चढू देत नाहीत.