मेंढ्याचे रान

गेल्या उन्हाळ्यात आम्ही गडचिरोलीहून धानोऱ्याच्या वाटेने मेंढा या गोंड खेड्यास गेलो. शेजारच्या लेखा गावावरून लोक त्यास मेंढा-लेखा म्हणतात. घरे शंभराच्या आतबाहेर. भोवती मोह, साग आणि बांबू यांचे सुमारे १,८०० हेक्टर रान.

या प्रवासास कारण आमचे एक दुःख होते. खानापूरकडील आमच्या खेड्यात आवळे काढावयाचे म्हणून लोक झाडच आडवे करतात. बोलावे, तर उत्तर ठरलेले : "फादर, रान सरकारचे. आम्ही नाही तोडले, तर दुसरा तोडील."

मेंढ्यासही एके काळी रान परक्याचेच होते. बांबू कागदाच्या कारखान्यास भाडेपट्ट्याने जाई. गावास त्यावर अधिकार नसे. तेव्हा गावकऱ्यांनी अभ्यासगट स्थापून कायदा समजून घेतला, आणि रानाचा विचार ग्रामसभेत होऊ लागला. फळझाड तोडावयाचे नाही. मध काढताना मधमाश्या मारावयाच्या नाहीत, असे नियम त्यांचे त्यांनीच घातले, म्हणून ते पाळलेही जातात.

२००६ च्या वनहक्क कायद्यान्वये २००९ मध्ये या रानावर गावाचा सामूहिक हक्क मान्य झाला. तरीही बांबू बाहेर नेण्याचा परवाना मिळेना. अखेर २७ एप्रिल २०११ रोजी केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांनी गावात येऊन परवान्याचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिले. तेव्हापासून बांबूची तोड व विक्री गावच ठरवू लागले.

परंतु आमच्या मनात ठसली ती सभेची रीत. बहुमताने निर्णय लादावयाचा नाही. सर्वांचे एकमत झाले पाहिजे. एकाचाही विरोध असला, तर विषय पुढील बैठकीवर जातो. हे काम मंद खरे. पण ज्याच्या संमतीने नियम झाला, तो चोरून कुऱ्हाड कशी चालवील?

परतल्यावर पहिल्याच रविवारी मिस्सानंतर आम्ही गावकऱ्यांस थांबण्याची विनंती केली. नऊ जण थांबले. आवळ्याची झाडे तोडणाऱ्या घरांतील मात्र एकही नव्हता. नऊ जणांनी लगेच दंडाचा ठराव मांडला. आम्ही तो लिहून घेतला नाही. जे आले नाहीत, त्यांच्या ओसरीवर आधी गेले पाहिजे. पुढल्या रविवारी पुन्हा बसू.