गच्चीवरचं खरं आभाळ

आम्ही नवरा-बायको दोघेही शिक्षक. त्यामुळे आमच्या घरचा प्रवास शाळेच्या सुट्टीवर ठरतो. यंदा दिवाळीच्या सुट्टीत आम्ही मुरूडकडे गेलो. नववीतल्या मुलीच्या गळ्यात मामाने दिलेला जुना कॅमेरा होता आणि जंजिऱ्याचा एक तरी चांगला फोटो काढायचाच, असा तिचा हट्ट होता.

राजपुरीच्या धक्क्यावरून शिडाच्या होडीने किल्ल्यात गेलो. तटाच्या आतल्या एका कमानीत तोफ आहे, कमानीबाहेर समुद्र. आमच्या डोळ्यांना तोफही दिसत होती आणि दुपारच्या उन्हात चमकणारं पाणीही. मुलीने फोटो काढला, तर तोफ म्हणजे नुसता काळा ठोकळा. उजेड वाढवून पुन्हा काढला, तर तोफ दिसली, पण समुद्र कोऱ्या कागदासारखा पांढरा.

"अब्बू, कॅमेऱ्याला डोळ्याइतकं दिसत नाही का?"

नाहीच दिसत. आपली नजर सावलीवरून उन्हाकडे फिरते, बाहुली लहान-मोठी होते आणि मेंदू दोन्ही मिळून एक चित्र बनवतो. कॅमेऱ्याला एका फोटोत एवढा फरक पेलत नाही. त्यावर उपाय म्हणजे एचडीआर, हाय डायनॅमिक रेंज. एकाच जागेवरून तीन फोटो घ्यायचे: एक बेताच्या उजेडाचा, एक अंधारा, एक जास्त उजळ. मग तिन्हींतलं जे नीट उमटलं असेल ते एकत्र करायचं. आजकालचे मोबाइल हे काम गुपचूप स्वतःच करतात.

आमच्याकडे तिवई नव्हती. दुपट्ट्याची गुंडाळी करून दगडावर ठेवली, तिच्यावर कॅमेरा टेकवला आणि श्वास रोखून तीन फोटो घेतले. मुक्कामी आल्यावर ते जोडले. तोफेवरचा गंज दिसला, दगडांच्या सांधी दिसल्या, पाण्याचा रंगही. फक्त लांबून जाणाऱ्या एका होडीची तीन पुसट शिडं उमटली होती, कारण होडी काही आमच्यासाठी थांबली नव्हती. मुलगी हिरमुसली. आम्ही मात्र तिला शाबासकी दिली.

ही युक्ती नवी नाही, हेही तिला सांगितलं. १८५० च्या दशकात गुस्ताव्ह ल ग्रे हा फ्रेंच छायाचित्रकार समुद्राची दृश्यं टिपायचा, तेव्हा त्यालाही हीच अडचण आली. त्याने समुद्राची एक काच आणि आभाळाची दुसरी काच घेऊन दोन्हींचा मिळून एक फोटो छापला. मात्र कधी कधी तो एकच आभाळ वेगवेगळ्या समुद्रांवर वापरायचा. हे ऐकून मुलगी हसली. ते हसू पुढे आम्हाला महागात पडलं.

रात्री अमावस्येचा अंधार होता. गावाबाहेरच्या पाहुण्यांच्या घरी आम्ही अंगणातला दिवा मालवला आणि चटई टाकली. थोड्या वेळात नजर सरावली, तसा आभाळात दुधाळ पट्टा दिसू लागला. मराठीत आकाशगंगा, उर्दूत कहकशां. आयुष्यभर हे दोन्ही शब्द आम्ही मुलांकडून पाठ करून घेतले. आमच्याच मुलीने मात्र ती गोष्ट पंधराव्या वर्षी पहिल्यांदा पाहिली. ईशान्येला उंचावर एक अगदी लहान धुरकट ठिपका होता, देवयानी दीर्घिका. अब्दुर्रहमान अल-सूफी यांनी ९६४ साली ताऱ्यांवरच्या आपल्या ग्रंथात याच ठिपक्याची 'छोटा ढग' अशी नोंद केली, तीही दुर्बिणीशिवाय. मुलीने कॅमेरा पाटावर उताणा ठेवून पंधरा-पंधरा सेकंदांचे फोटो घेतले. त्याहून फार जास्त वेळ घेतला, तर पृथ्वी फिरत असल्यामुळे ताऱ्यांच्या रेघा होतात.

देवनारला परतलो आणि दोन दिवसांनी इमारतीच्या व्हॉट्सॲप गटावर एक फोटो आला. आमचीच गच्ची, पाण्याच्या टाक्या, मागे चेंबूरचे टॉवर आणि त्यांच्यावर लखलखती कहकशां. खाली 'माशाअल्लाह' आणि 'हे आपलं देवनार?' यांचा पाऊस. मुलीने मुरूडचं आभाळ देवनारवर चिकटवलं होतं. आम्ही ते पाहताक्षणी ओळखलं आणि गप्प राहिलो. लेकीचं कौतुक कोणत्या आई-बापाला नकोसं होतं?

तिसऱ्या दिवशी ईशानंतर गच्चीवर वाळत घातलेले कपडे आणायला गेलो, तर शेजारचा पाचवीतला मुलगा टाकीला टेकून उभा होता. फोटो आल्यापासून रोज रात्री येत होता.

"सर, ती कुठल्या बाजूला दिसते?"

वर तांबूस-राखाडी आभाळ होतं. मोजून सात-आठ तारे. तो आपल्याच डोळ्यांना दोष देत होता. चष्मा लागला असेल, असं त्याने घरी सांगितलं होतं. आम्हाला त्याच्याशी नजर मिळवता येईना.

घरी विषय काढला, तेव्हा मुलगी चिडली. "जंजिऱ्यालाही मी फोटो जोडलेच होते. तेव्हा शाबासकी दिलीत!"

प्रश्न बिनतोड होता. उत्तर सुचायला आम्हाला रात्र लागली. सकाळी चहा घेताना तिला म्हटलं, "बेटा, तिथले तिन्ही फोटो एकाच जागेचे, एकाच वेळचे होते. प्रत्येकाला थोडं थोडं दिसलं होतं, तू त्यांची साक्ष एकत्र केलीस. इथे मात्र दीडशे किलोमीटरवरचा साक्षीदार आणून उभा केलास."

आणखी एक गोष्ट आम्हाला टोचत होती. देवनारच्या वाट्याला शहराचा कचरा आला, डम्पिंगचा धूर आला, रात्रभर जळणारे दिवे आले. यात आमच्या मुलांचे तारे गेले. महाराष्ट्रातल्याच पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी २०२४ मध्ये देशातलं पहिलं 'डार्क स्काय पार्क' म्हणून मान्यता मिळाली. तिथे आसपासच्या गावांतले दिवे जमिनीकडे तोंड करून बसवले. म्हणजे आभाळ वाचवता येतं. पण आमचं आभाळ झकास आहे, असं फोटोच सांगू लागला, तर आमची तक्रार कोण ऐकणार?

मुलगी काही बोलली नाही. संध्याकाळी तिने गटावरचा फोटो काढून टाकला आणि लिहिलं, 'आभाळ मुरूडचं होतं. माफ करा.' मग शेजारी जाऊन त्या मुलालाही स्वतः सांगून आली.

पुढच्या महिन्यात तिसऱ्या दिवशीच्या चंद्राला, मगरिबनंतर, ती त्याला घेऊन गच्चीवर गेली. मागोमाग आम्हीही. चेंबूरच्या टॉवरांवर कोर होती. तिने एक झटपट फोटो कोरेसाठी घेतला आणि दोन सेकंदांचा एक कोरेच्या कुशीतल्या काळ्या भागासाठी. दोन्ही जोडले, तेव्हा पृथ्वीवरून परतलेल्या उजेडात उरलेला चंद्रही उमटला, फिकट आणि गोल.

मुलाने पडद्याकडे पाहिलं, मग वर पाहिलं. बराच वेळ डोळे बारीक करून बघत राहिला.

"सर, तो वरपण दिसतोय," तो म्हणाला. "पूर्ण."