अंगणातील गवत आणि बॅटरीचे यंत्र

गेल्या वर्षी आषाढाच्या आरंभी विहारातील दोन महासतीजी गोचरीसाठी आमच्या खुलताबादच्या घराच्या फाटकापर्यंत आल्या आणि तेथूनच परत फिरल्या. घरात सर्व सूझते होते, बहराविण्याची तयारी होती, ओट्यावर आई हात जोडून उभी होती. पण फाटकापासून ओट्यापर्यंतची साठ-सत्तर फुटांची वाट पहिल्या दोन पावसांतच हरळीने झाकून टाकली होती. ‘वाट हिरवी आहे,’ एवढेच त्या शांतपणे म्हणाल्या, ‘दया पालो’ म्हणून वळल्या आणि वेरूळमार्गे कन्नडच्या दिशेने निघून गेल्या. आईला आम्ही सगळे बाई म्हणतो. बाई त्या दिवशी संध्याकाळच्या प्रतिक्रमणापर्यंत कोणाशी बोलली नाही.

रात्री पुण्याहून मुलाचा फोन आला. हकीकत ऐकून तो म्हणाला, ‘पप्पा, त्यात काय एवढं? बॅटरीवर चालणारं लॉन मोअर घेऊन टाकू. ना वायर, ना पेट्रोल, ना आवाज.’ मला ते पटले. जन्म कापडाच्या दुकानात गेला. चार ठिकाणी भाव विचारल्याशिवाय वस्तू घ्यायची नाही ही सवय जुनी. दुसऱ्याच दिवसापासून चौकशीला लागलो. बाईला सांगितले तेव्हा ती एवढेच म्हणाली, ‘गवत पायाखाली येऊ नये म्हणून ते पात्याखाली द्यायचं?’

या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते. उलट विचार करू लागलो तसतसे ध्यानात आले की फाटकाच्या अडचणीवर यंत्र हा उपायच नव्हे. जमिनीत मूळ धरून असलेले गवत कितीही आखूड कापले तरी ते सचित्तच राहते. ते तीन इंचांचे असो की अर्ध्या इंचाचे, साधू-साध्वी त्यावर पाऊल ठेवणार नाहीत. आणि ते त्यांच्यासाठी म्हणून कापले, तर त्यांच्या निमित्ताने आरंभ केल्याचा दोष वेगळाच. ज्या गोष्टीसाठी मी यंत्र घ्यायला निघालो होतो, त्या गोष्टीच्या ते उपयोगाचे नव्हते. वाट हवी असेल तर वाटच करावी, आणि ती आपल्या स्वतःच्या पावलांसाठी करावी. रोज सकाळ-संध्याकाळ त्या हरळीवरून आम्हीच तर चालत होतो. इरियावहियं म्हणताना बीज, हरितकाय, दव, मुंग्यांची वारुळे, कोळ्याची जाळी या सर्वांवरून गेल्याची क्षमा रोज मागायची आणि उठून त्याच वाटेने दुकानाला जायचे, असे चालले होते.

दिवाळीनंतर तीन फूट रुंदीची फरशीची वाट केली. शहाबादी फरशीच घातली, पण गुळगुळीत बाजू खाली आणि खडबडीत वर. गवंड्याला हे विचित्र वाटले. तथापि आमच्या या डोंगरावरच्या गावात पावसाळ्यात हवा दिवस-दिवस ओली असते आणि सावलीतल्या गुळगुळीत फरशीवर शेवाळ धरायला वेळ लागत नाही. शेवाळ म्हणजे अनंतकाय. हरळी टाळायला जाऊन लीलण-फूलण पायाखाली घ्यायची, हा कोणता व्यवहार? म्हणून फरशीला एका बाजूला उतार दिला आणि वाटेवर आलेली पेरूची फांदी पाऊस सुरू होण्यापूर्वीच बांधून मागे ओढली.

वाटेचा प्रश्न संपला तरी अंगणाचा संपला नव्हता. आमचे मागचे-पुढचे आवार मिळून चार गुंठे. भाद्रपदात तेथे गुडघाभर गवत वाढते, कडेला गाजरगवत माजते, आणि घराला लागून असलेल्या गवतात आम्ही एकदा घोणस पाहिली आहे. सुटीत नातवंडे येतात. घराजवळचे गवत वाढू देणे हेही काही अहिंसेचे लक्षण नव्हे. साप निघाला की काठी घेऊन धावणारे शेजारी दहा असतात.

तीन वर्षांपूर्वी याच कारणासाठी मी पेट्रोलचे ग्रास कटर घेऊन येणारा माणूस बोलावला होता. खांद्याला अडकवलेला दांडा, टोकाला गरगर फिरणारी नायलॉनची दोरी, कानठळ्या बसविणारा आवाज आणि निळा धूर. दोन तासांत आवार साफ झाले. नंतर पाचोळा गोळा करताना त्यात दोन बेडूक सापडले. त्या माणसाला दोष देता येत नाही. कानावर आवाजाचे आवरण, डोळ्यांवर चष्मा, समोर गुडघाभर गवत. त्याला दिसणार काय? बाईने दुसऱ्या दिवशी आयंबिल केले. कशाचे, ते तिने सांगितले नाही आणि आम्हीही विचारले नाही.

म्हणून या वेळी यंत्र पाहायला निघालो तेव्हा भावाच्या आधी कामकाज समजून घ्यायचे ठरविले. ज्या वाचकांना पुढेमागे असे यंत्र घ्यावयाचे आहे, त्यांच्यासाठी ते थोडे विस्ताराने लिहितो.

गवत कापण्याचे यंत्र आपल्याच व्यवसायातून जन्मले, हे मला या निमित्ताने कळले. इंग्लंडातील स्ट्राउडजवळच्या एडविन बडिंग यांनी १८३० साली त्याचे पेटंट घेतले. लोकरी कापडावरची लव एकसारखी कातरणारे यंत्र त्यांनी गिरण्यांत पाहिले होते. तेच रूळावरचे पाते हिरवळीवर फिरवावे, ही त्यांची कल्पना. हाताने ढकलण्याचे रूळाचे यंत्र आजही त्याच तत्त्वावर चालते. त्याचे पाते कात्रीसारखे कापते. विजेच्या किंवा बॅटरीच्या बहुतेक यंत्रांत मात्र एकच आडवे पाते पंख्यासारखे फिरते. त्याची टोके वर वळलेली असतात, त्यामुळे वारा वर ओढला जातो, गवत उभे राहते आणि कापले जाते. त्या ओढीत किडा-मुंगीही यायचीच. आपल्या दृष्टीने हाताचे यंत्र बरे, हे मी मोकळेपणाने सांगतो. हिरवळ पाचशे चौरस फुटांच्या आत असेल आणि दर आठवड्याला कापण्याचा नियम पाळता येत असेल, तर तेच घ्यावे व हा लेख येथेच बाजूला ठेवावा. माझी अडचण अशी की श्रावणात आठ-आठ दिवस उघडीप मिळत नाही. गवत वाढून आडवे पडते, आणि आडव्या गवतावरून हाताचे यंत्र नुसते घसरते.

बॅटरीच्या यंत्रात पाहायचे ते व्होल्ट आणि अँपिअर-तास. दुकानदार व्होल्ट मोठ्याने सांगतो आणि अँपिअर-तास हळू. दोहोंचा गुणाकार केला म्हणजे खरा साठा कळतो. १८ व्होल्ट आणि ४ अँपिअर-तास म्हणजे ७२ वॅट-तास. ३६ व्होल्ट आणि ४ अँपिअर-तास म्हणजे १४४. मोटार सरासरी ३०० वॅट खात असेल तर पहिली बॅटरी पाऊण तास नव्हे, जेमतेम चौदा मिनिटे चालेल, दुसरी अठ्ठावीस-एकोणतीस. गवत उंच व ओले असेल तर त्याहूनही कमी. वीजबिलाची काळजी मात्र करू नये. १४४ वॅट-तास म्हणजे एका युनिटाचा सातवा हिस्सा, चार्जरची गळती धरूनही पाव युनिटाच्या आत. खरा खर्च बॅटरीचाच. उष्णतेने तिचे आयुष्य घटते. चैत्र-वैशाखात पत्र्याच्या शेडमध्ये ती ठेवू नये, आणि काही महिने काम नसेल तेव्हा पूर्ण भरून किंवा पूर्ण रिकामी न करता निम्मी भरून घरातल्या थंड कपाटात ठेवावी. निकामी झाल्यावर ती भंगारवाल्याला देऊ नये. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार ती परत घेण्याची जबाबदारी उत्पादकावर आहे. खरेदीच्या वेळीच विचारून ठेवावे की परत द्यायची कोठे.

आता माझा हिशेब. पात्याची रुंदी ३३ सेंटिमीटर. प्रत्येक पट्टा थोडा आधीच्या पट्ट्यावर येतो, म्हणून प्रत्यक्षात २८ धरू. चार गुंठे म्हणजे सुमारे ४०० चौरस मीटर. भागाकार केला तर दीड किलोमीटरच्या आसपास चालणे आले, तेही गुडघाभर गवतातून, यंत्र ढकलत. छत्रपती संभाजीनगरच्या दुकानातला तरुण लगेच म्हणाला, ‘मग साहेब, मोठं मॉडेल घ्या, दोन बॅटऱ्या जादा घ्या.’ व्यापारी म्हणून त्याचे कौतुक वाटले. मीही ग्राहकाला दोन मीटरच्या जागी अडीच मीटर असेच सुचवत आलो आहे.

परत येताना दौलताबादच्या घाटात मनात प्रश्न आला की चार गुंठे कापायचे कशासाठी? मागच्या आवारातले गवत गेली कित्येक वर्षे शेजारच्या वस्तीवरची एक बाई विळ्याने कापून आपल्या शेळ्यांसाठी नेते. ती बसून कापते, गवत मुठीत धरून, जमिनीपासून चार बोटे वर. समोर काय आहे ते तिला दिसते. मी चौकशीत गुंतलेला पाहून तिनेच एकदा विचारले होते, ‘शेठ, यंत्र आलं की गवताचा भुगा होणार ना? मग शेळ्यांना काय?’ तेव्हा मी हसून वेळ मारून नेली होती. यंत्राच्या पिशवीत जमा होणारा तो ओला भुगा तासाभरात तापतो आणि आंबतो. शेळीला घालण्याजोगा राहत नाही. म्हणजे माझ्या सोयीसाठी मी तिचा भाद्रपद काढून घेणार होतो, आणि तेही ज्या जागेत आमचे कोणी महिनोन्‌महिने पाऊलही टाकत नाही त्या जागेसाठी. आठव्या व्रतात ज्याला अनर्थदंड म्हटले आहे, त्याचे याहून सोपे उदाहरण कोठे शोधायचे?

घरी येऊन टेप लावली. मुलांना खेळायला आणि घराभोवती नजर मोकळी राहायला लागतो तो वीस फूट बाय चाळीस फुटांचा तुकडा: आठशे चौरस फूट, म्हणजे सुमारे ७५ चौरस मीटर. तेवढ्यासाठी चालणे येते पावणेतीनशे मीटर. वळणे, थांबणे, पिशवी रिकामी करणे धरून पंधरा-वीस मिनिटे. ३६ व्होल्टची एक बॅटरी त्याला पुरते. बाकीचे आवार विळ्याचे. गाजरगवत तेवढे फुलावर येण्यापूर्वी, हातमोजे घालून आम्ही उपटतो.

यंत्र निवडताना शेवटी मी दोनच गोष्टींवर अडून बसलो. पात्याची उंची किती वर नेता येते, ही पहिली. बहुतेक जण गालिच्यासारखे गवत हवे म्हणून पाते किती खाली जाते ते विचारतात. मी सात सेंटिमीटरपर्यंत वर जाणारे घेतले. हिरवळीचा साधा नियम असा की एका वेळी गवताच्या उंचीचा तिसरा हिस्साच कापावा. सहा सेंटिमीटर राखायचे तर नऊ झाल्यावर कापायचे. गवत तग धरते आणि खाली जमिनीलगत जे जीव वावरतात त्यांच्या डोक्यावरून पाते जाते. दुसरी गोष्ट सुरक्षा-किल्लीची. ती काढल्याशिवाय यंत्र उलटे करून पात्याला हात लावायचा नाही, आणि ती काढून मुलांच्या हाती लागणार नाही अशी ठेवायची. आवाज खरोखरच कमी आहे. पेट्रोलचा धूर नाही. वीज सचित्त की अचित्त हा वाद आपल्या समाजात जुना आहे व तो सोडविण्याची माझी पात्रता नाही. गृहस्थाच्या घरात दिवे लागतात, तसे हेही.

यंत्र चालविण्याचे नियम बाईने घातले. सूर्य वर येऊन दव वाळल्याशिवाय नाही. आठम-चौदस आणि पर्युषणात नाही. कापण्याआधी मऊ झाडू घेऊन एकाने सबंध तुकड्यावरून हळू चालायचे आणि बेडूक, नाकतोडे कडेला जाऊ द्यायचे. फाल्गुनापासून मृगापर्यंत हिरवळीला पाणी नाही. हरळी त्याने मरत नाही, तपकिरी होऊन पडून राहते आणि पहिल्या पावसात पुन्हा उठते.

यंत्र आणले त्या दिवशी मुलगा आला होता. त्याने किल्ली लावली, दांड्याची कळ दाबली. बाई ओट्यावर बसून पाहत होती. तुकडा संपायला तीन-चार पट्टे राहिले असताना मुलगा म्हणाला, ‘पप्पा, दुसरी बॅटरीपण घेऊन ठेवू या. अर्ध्यात संपली तर?’

‘संपली की काय होतं?’ बाईने विचारले.

‘काही नाही, यंत्र आपोआप थांबतं.’

‘मग एकच राहू दे,’ बाई म्हणाली आणि माळ हातात घेतली.