तीजा : दमलेल्या आईची हक्काची रजा

पोळ्याच्या सुमारास रायपूरच्या रेल्वे स्टेशनवर किंवा बस स्टँडवर जरा उभं राहून पाहावं. जिकडेतिकडे बायकाच बायका! कडेवर मूल, हातात पिशवी आणि पुढे वाट काढणारा भाऊ, नाहीतर वडील, नाहीतर भाचा. एरवी वर्षभर घर, मुलं आणि शेत यांच्यामागे धावणारी ही बाई आज दुसऱ्याच्या मागून निवांत चालत असते. ती माहेरी निघालेली असते. तीजाला!

तीजा म्हणजे आपली हरतालिका. भाद्रपद शुद्ध तृतीया. रायपूरच्या चौबे कॉलनीत महाराष्ट्र मंडळ आहे, शहरात मराठी घरं पुष्कळ आहेत. त्यांची हरतालिका आणि शेजारणीची तीजा एकाच दिवशी येते. महादेव-पार्वती तेच, निर्जळी उपासही तोच. फरक आहे तो माहेरच्या बोलावण्यात. आपल्याकडे नवी नवरी नागपंचमीला, मंगळागौरीला माहेरी येते. पुढे संसार जुना होतो, तसं बोलावणं विरळ होत जातं. छत्तीसगडात तीजाला वयाची अट नाही. नातवंडं झालेली आजीसुद्धा जाते. आईवडील नसले तर भाऊ न्यायला येतो, भाऊ नसला तर भाचा येतो.

हा सण नेमका याच वेळी का येतो, हे समजायला शेतात डोकवावं लागतं. छत्तीसगड हे भाताचं कोठार. पाऊस पडला की पेरणी, मग रोवणी, मग निंदणी. गुडघाभर चिखलात दिवसभर वाकून केलेल्या या कामातला मोठा वाटा बायकांचा. घरी परतल्यावर चूल आणि मुलं आहेतच. आषाढ-श्रावण असा कंबर मोडून जातो.

मग एकामागून एक विसावे येतात. पहिला हरेलीचा. आपण ज्या दिवशी दिव्यांची अवस करतो, त्याच दिवशी इथला शेतकरी नांगर, कुदळ, फावडं धुऊन पुसून त्यांची पूजा करतो. त्या दिवशी अवजारांना सुट्टी. मुलं बांबूच्या गेडीवर चढून गावभर फिरतात. महिन्याभरानं पोरा, म्हणजे आपला पोळा. तो बैलांचा. घरोघरी मातीचे बैल आणि मुलींसाठी मातीची भांडीकुंडी येतात, बेसनाची खारी ठेठरी आणि गुळाची खुरमी तळली जाते. आणि त्यानंतर तिसऱ्या दिवशी तीजा. आधी अवजारं, मग बैल आणि शेवटी बाई! क्रम मनाला टोचतो खरा. पण तिचीही पाळी ठरलेली आहे, हे काही कमी नाही.

माहेरी आल्यावर लगेच विश्रांती मिळते असं मात्र नाही. सवयीचा हात केरसुणीकडे जातो. पहाटे चार वाजता डोळे उघडतात. कुणाचा तरी डबा राहिला असं वाटून जीव दचकतो. अंग माहेरी आलेलं असतं, मन अजून सासरच्या चुलीपाशीच घुटमळत असतं. ते हळूहळू सुटतं. उपासाच्या आदल्या रात्री 'करू भात' असतो. करू म्हणजे कडू. कारल्याची भाजी आणि भात. माहेरवाशिणी नात्यातल्या घरोघरी जाऊन तो खातात. बालपणीच्या मैत्रिणी भेटतात, रात्र गप्पांत सरते. दुसऱ्या दिवशी पाण्याचा थेंबही नाही. त्यानंतर माहेरची नवी साडी नेसून उपास सुटतो. तिकडे सासरी नवरोबांना स्वतःचा भात स्वतः शिजवावा लागतो, त्यावरून वर्षभर थट्टा चालते.

पण ज्या बाईचं शेत नाही, तिचं काय? 1 नोव्हेंबर 2000 रोजी रायपूर राजधानी झालं. आज कितीतरी आया सकाळी डबे भरून नवा रायपूरची बस पकडतात आणि दिवेलागणीला परततात. 2019 साली राज्य सरकारनं हरेली आणि तीजाला सार्वजनिक सुट्टी जाहीर केली, तेव्हा त्यांना बरं वाटलं असणारच. पण एका दिवसाच्या सुट्टीत काय होतं? साठलेले कपडे धुतले जातात, डबे घासले जातात. सुट्टी संपते आणि थकवा तसाच उरतो. कारण तिला कुणी न्यायला आलेलं नसतं. ती घरातच असते आणि घर तिला बसू देत नाही.

शहराच्या मध्यावर बुढा तालाब आहे. त्याला विवेकानंद सरोवरही म्हणतात. पाण्याच्या मधोमध स्वामीजींचा बसलेला भव्य पुतळा आहे. 1877 साली चौदा वर्षांचा नरेंद्र बैलगाडीनं, जंगलातून प्रवास करत या गावी आला. वडील विश्वनाथ दत्त कलकत्त्याचे नामांकित वकील, कामासाठी रायपूरला आलेले. गावात त्याच्या योग्यतेची शाळा नव्हती. त्यामुळे मुलगा घरीच राहिला आणि वडिलांचा भरपूर सहवास त्याला मिळाला. नाना विषयांवर दोघांच्या गप्पा होत, वाद रंगत. 1879 मध्ये कुटुंब कलकत्त्याला परतलं. त्या दोन वर्षांत शाळा बुडाली, पण बाप मिळाला.

संध्याकाळी या तलावाच्या काठी आईबाप मुलांना घेऊन येतात. घटकाभर बसतात. ही छोटीशी तीजाच म्हणायची, कारण इथे भांडी दिसत नाहीत आणि फाइलीही दिसत नाहीत.

तीजाची शिकवण साधी आहे. विसावा 'वेळ मिळाला की' घ्यायचा नसतो, त्याची तिथी ठरवावी लागते. दमलेल्या माणसाला उंबरठ्याबाहेर न्यायला कुणीतरी यावं लागतं. आणि पहिले एक-दोन दिवस हात शिवशिवले, तरी ते आवरावे लागतात.

आपल्याकडे पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलाचा खांदा तूप-हळदीनं मळतात. वर्षभर जू वाहिलेलं असतं ना त्यानं! तुमच्या घरातही असा एखादा खांदा असेल. त्याची तिथी कॅलेंडरवर आजच लिहून ठेवा. आणि त्या दिवशी न्यायला जायला विसरू नका.