सोसू नकोस, सांग!

प्रिय मीनल,

तुझा मेसेज वाचला आणि लगेच आठवडे मोजले. अठ्ठाविसावा लागला की गं! म्हणजे शेवटची तिमाही. "पुढे काय काय होणार ते खरंखरं सांग," म्हणालीस. माझ्या नाशिकच्या आणि तुझ्या स्टुटगार्टच्या वेळा काही जुळत नाहीत, फोनवर बोलणं अर्धंच राहतं, म्हणून पत्रच लिहायला बसले.

आधी बाळाचं सांगते. आत्ता ते किलोभराचं असेल. दिवस भरेपर्यंत तीन किलोच्या आसपास जाईल. फुप्फुसं तयार होतायत, कातडीखाली चरबी साठतेय, मेंदू झपाट्याने वाढतोय. त्याला आवाजही ऐकू येतात, तेव्हा खुशाल मराठीत गप्पा मार.

आता तुझं. गर्भाशय फासळ्यांपर्यंत चढतं, त्यामुळे एक जिना चढलीस तरी धाप लागेल. जठरावर दाब येतो, म्हणून छातीत जळजळेल. थोडं थोडं चार-पाच वेळा खा आणि जेवून लगेच आडवी होऊ नकोस. रात्री लघवीला उठावं लागेल, पोटऱ्यांत गोळे येतील, कंबर धरेल, संध्याकाळी पावलं थोडी सुजतील. पहिलटकरणीला शेवटच्या काही आठवड्यांत बाळाचं डोकं ओटीपोटात उतरल्याचं जाणवतं. मग श्वास मोकळा होतो, पण लघवीच्या फेऱ्या आणखी वाढतात. झोपताना मात्र कुशीवरच झोप. उताणं झोपलं की गर्भाशयाचा भार मोठ्या रक्तवाहिनीवर येतो आणि बाळाकडे जाणारं रक्त कमी होऊ शकतं. मध्येच जाग आली आणि उताणी असलीस, तर घाबरायचं नाही. कूस बदलायची आणि झोपायचं.

मधूनच पोट कडक होईल आणि सुटेल. या खोट्या कळा. पाणी प्यायलं, जरा पडलं की त्या थांबतात. खऱ्या कळा थांबत नाहीत. त्या ठरावीक अंतराने येतात, अंतर कमी होत जातं आणि जोर वाढत जातो.

इथपर्यंतचं सगळं नेहमीचं. पण मीनल, हे पत्र मी खरं तर पुढच्या गोष्टीसाठी लिहितेय. आपल्याला लहानपणापासून सोसायला शिकवलेलं असतं. 'सगळ्यांनाच होतं, एवढं काय त्यात' हे ऐकत आपण मोठ्या झालो. परक्या देशात तर 'उगाच कशाला त्रास द्यायचा' हा संकोचही येतो. या तीन महिन्यांत तो संकोच पूर्ण सोडून दे.

बाळाची हालचाल कधी, किती होते, त्याची लय ओळखून ठेव. शेवटी जागा कमी म्हणून बाळ हलायचं कमी होतं, असं कोणी सांगेल. ते खरं नाही. हालचालींची तऱ्हा बदलते, पण त्या मंदावल्या तर उद्याची वाट न बघता त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. डोकं ठणकतंय आणि थांबत नाही, डोळ्यांपुढे अंधुक दिसतंय किंवा चमकतंय, बरगड्यांखाली दुखतंय, चेहरा-हात एकाएकी सुजलेत, तर ताबडतोब रक्तदाब तपासायला हवा. तो १४०/९० किंवा त्याच्या वर असेल तर डॉक्टरांना कळायलाच हवं. रक्तस्राव झाला, अंगावरून पाणी गेलं, ताप आला, तळहात-तळपायांना फार खाज सुटली, तरीही थांबायचं नाही. सगळं ठीक निघालं तर घरी परत येशील, एवढंच. अगदी नड पडली तर ११२ या आपत्कालीन नंबरवर फोन लाव.

तुमच्याकडे काही सोयी फार चांगल्या आहेत, त्या पुरेपूर घे. हेबामे, म्हणजे तुमची सुईण, ठरली का? बाळंतपणानंतर ती घरी येऊन बाळ-बाळंतिणीला बघते, खर्च विमा देतो. पण त्यांच्या वेळा लवकर भरतात, म्हणून आजच फोन लाव. तारखेआधी ६ आठवडे आणि नंतर ८ आठवडे रजा तुझ्या हक्काची आहे, ती घेताना अवघडू नकोस. डांग्या खोकल्याची लस या तिमाहीच्या सुरुवातीलाच घ्यायची असते, तिची चौकशी कर. तपासण्यांची ती छोटी पुस्तिका सतत पर्समध्ये असू दे.

काकू बाळंतपणासाठी तिकडे येणार, तर त्यांच्या व्हिसाचाही नीट विचार कर. त्यांना ९० दिवसच राहता येईल, आणि नेमक्या दिलेल्या तारखेला जन्मणारी बाळं शंभरात चार-पाचच. सदतिसाव्या आठवड्यापासून कधीही तयारीत राहावं लागतं. त्या सुमारास त्या आल्या, तर बाळ झाल्यावरही दोन महिने तुला त्यांची सोबत मिळेल. डोहाळजेवण तिथल्या मैत्रिणींना करू दे. ओटी त्यांनी भरली तरी आशीर्वाद तेवढाच.

आणि भीती वाटली तर तीही सांग, तुझ्या अमेयला सांग, हेबामेला सांग. कळा कशा झेलायच्या, भूल कोणती मिळते, सिझर करावं लागलं तर काय होतं, हे आत्ताच विचारून घे. अमेयलाही प्रश्न पाठ असू देत, कारण ऐन वेळी तुझ्या वतीने त्यालाच बोलायचं आहे. म्हणून हे पत्र त्यालाही वाचायला दे, आणि धोक्याच्या खुणांचा परिच्छेद त्याच्याकडून फ्रिजवर लावून घे.

तुझीच,
वैशाली