व्हॅनचा काळा धूर आणि रात्रीची लाईट

आज पिकाचं नाही, गाडीचं लिहितो. पण गोष्ट शेतातलीच आहे.

तळोद्याकडे ऊस-केळीत बिबट्याचा वावर किती वाढलाय ते इकडच्या माणसाला सांगायला नको. त्यात लाईट एक आठवडा दिवसाची, एक आठवडा रात्रीची. रात्री पाणी द्यायला उघड्यावर बसायची हिंमत होत नाही. म्हणून घरची जुनी कार्बोरेटरवाली ओम्नी मागचं सीट काढून, फळी टाकून, गोधडी अंथरून विहिरीजवळ उभी करतो. दारं लावली की निवांत. शहरातले लोक फिरायला हौसेने अशा गाड्या बनवतात म्हणे. आपली गरजेची.

गाडी दोन वर्षांपासून पेट्रोल जास्त पीत होती. 14 चं ॲव्हरेज 9 वर आलं. मागून काळा धूर, सायलेन्सरच्या तोंडाला काजळी. चांदसैली घाटात रेस दिली की गुदमरायची. एक गोष्ट मात्र मला भारी वाटायची. भर थंडीत चोक न ओढता एका सेल्फला चालू व्हायची! लोकांना कौतुकाने सांगायचो. खरा रोग तिथेच बोलत होता. थंड इंजिनला पेट्रोल जास्त लागतं, म्हणून तर चोक दिलेला असतो. चोक न ओढताच ती पेटते म्हणजे चोक आधीच लागलेला आहे.

मेस्त्री तीन झाले. एकाने प्लग बदलले, महिनाभरात परत काळे. दुसऱ्याने स्क्रू फिरवून स्लो सेटिंग केली. तिसरा म्हणाला, रिंगा गेल्या, इंजिन खोला. पान पिवळं दिसलं की मूळ न उपटता युरिया फेकायचा, त्यातला हा प्रकार. त्यांना काय बोलू, मी स्वतः पण तेच करतो कधी कधी.

मग जानेवारीतली ती रात्र. लाईट यायला उशीर होता. केळीच्या कडेला काहीतरी सळसळलं म्हणून हेडलाईट लावून ठेवले, बॅटरी उतरू नये म्हणून इंजिन चालू. थंडी मरणाची, काचा बंद. मी आणि सालदार आत. अर्ध्या तासात माझं डोकं ठणकायला लागलं, मळमळ सुटली. वाटलं, पित्त झालं. लाईट आली म्हणून सालदार मोटर चालू करायला उतरला आणि दोन पावलांवर गुडघ्यात बसला. उठता येईना. मी उतरलो तर माझेही पाय लटपटत होते. बाहेर मोकळ्या हवेत बसलो, मग हळूहळू उतरलं. सकाळी तालुक्याच्या गावी डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी पहिलं विचारलं, गाडी चालू होती का आणि काचा बंद होत्या का?

एक किलो पेट्रोल नीट जळायला साधारण 14.7 किलो हवा लागते. हवा कमी पडली की ते अर्धवट जळतं आणि कार्बन मोनॉक्साईड वाढतो. काळा धूर दिसतो, हा दिसत नाही, त्याला वासही नाही. रक्तात तो ऑक्सिजनपेक्षा 200 पटीहून जास्त घट्ट चिकटतो. आमच्या गाडीचं मागच्या दाराचं रबर कुजलेलं, सायलेन्सरचा जॉईंट फुसफुसत होता. म्हणजे आम्ही धुराच्या डब्यातच झोपत होतो.

त्यानंतर पोराला घेऊन स्वतःच बसलो. प्लग काढले. तिन्ही कोरडे, काजळीने काळे. तेलकट ओले असते तर रिंगांचा संशय खरा होता. चांगल्या प्लगचं टोक विटकरी-बदामी असतं. ऑइलची काडी काढून वास घेतला, तर पेट्रोलचा वास. जास्तीचं पेट्रोल सिलिंडर धुऊन खाली ऑइलमध्ये उतरत होतं, म्हणजे इंजिनची झीज वेगळीच चालू. पेट्रोल पंपाचा पडदा फाटला तरी असा वास येतो, म्हणून तोही बघून घेतला, शाबूत होता.

एअर फिल्टर झटकला तर कापसाची तूस आणि माती. तो काढून गाडी चालू केली. फरक पडला, पण थोडाच. मग इंजिन बंद करून कार्बोरेटरच्या तोंडात बॅटरी मारली. आतून पेट्रोल टिपकत असतं तर फ्लोटची सुई गळते असं धरलं असतं. टिपकत नव्हतं. पण चोकचं झाकण! डॅशबोर्डवरची चोकची मूठ पूर्ण आत होती, तरी झाकण अर्धं आडवं. केबल आतून गंजून अडकलेली. बोटाने ढकललं तर उघडलं, सोडलं की परत तिथेच. तीन मेस्त्र्यांपैकी कोणी वाकून बघितलं नाही, आणि दोन वर्षांत मीही नाही.

केबल, फिल्टर मिळून हजाराच्या आत काम झालं. प्लग साफ केले, ऑइल बदललं, आधी फिरवलेला स्क्रू परत जागेवर आणला. ते विसरू नका, नाहीतर चूक झाकायला केलेली सेटिंग तशीच राहते. ॲव्हरेज 13 च्या वर आलं. आता थंडीत चोक ओढल्याशिवाय चालू होत नाही, तसंच पाहिजे. इंजेक्शनवाल्या नव्या गाडीत मात्र चोक नसतो, तिथे सेन्सर तपासून घ्यावे लागतात.

गाडी दुरुस्त झाली तरी चालू इंजिनवर आत बसणं बंद केलं. काच चार बोटं खाली ठेवून भागतं असं काही जण म्हणतात, माझा त्यावर भरवसा नाही. उजेडाला चार्जिंगची मोठी बॅटरी घेतली. या आठवड्यात परत रात्रीची लाईट आहे. सालदार गाडी उभी केल्या केल्या चावी काढून घेतो आणि सकाळपर्यंत स्वतःच्या उशाखाली ठेवतो. मागितली तरी देत नाही.